दारासिंग हिंदकेसरी नव्हता!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कुस्तीवरचा लेख वाचला. फोटो झकास, पण लेखकानं दारासिंगला सरळ हिंदकेसरी करून टाकलंय. अहो तो रुस्तम-ए-हिंद, आणि ही काय एकाच गदेची दोन नावं नाहीत, दोन्हीची घराणीच वेगळी.

रुस्तम-ए-हिंद हा संस्थानिकांच्या जमान्यातला किताब. तेव्हा ना फेडरेशन ना पॉइंट, राजेलोकांनी पैलवान पोसायचे, जोड ठरवायची आणि निकाल मातीत. गामा पैलवानाला तो सहजासहजी नाही मिळाला. समोर रहीमबक्ष सुलतानीवाला, उंची सात फुटांच्या आसपास, गामा साडेपाच फुटांच्या जरासा वर, त्यामुळं आधी कुस्त्या बरोबरीतच सोडवाव्या लागल्या. मधे १९१० ला गामा लंडनला गेला, तिथं पोलंडचा पैलवान झिबिस्को अडीच तास गादीवर पालथा पडून राहिला पण पाठ काय लागू दिली नाही, आणि आठवड्यानं परत ठरलेल्या कुस्तीला गडी फिरकलाच नाही! तिथून आल्यावर मग अलाहाबादला रहीमला हरवून गामा रुस्तम-ए-हिंद झाला. झिबिस्कोचं उट्टं गामानं १९२८ ला पतियाळात काढलं, एका मिनिटाच्या आत चीतपट. गामाचा भाऊ इमामबक्ष तर आपल्या खासबागेत लढून गेलाय, शाहू महाराजांनी १९१२ ला मैदान सुरू केलं तेव्हाच, पण ते लेखात कुठंच नाही.

फाळणी झाली आणि किताबाचीपण वाटणी झाली म्हणा ना. गामा लाहोरला, त्याचा पुतण्या भोलू १९४९ ला रुस्तम-ए-पाकिस्तान. इकडं १९५४ ला टायगर जोगिंदरसिंगला हरवून दारासिंग रुस्तम-ए-हिंद झाला, पण तोवर सगळा मामलाच बदललेला, तिकीटं, पोस्टर, प्रमोटर, रिंगचे दोर आणि दोरावरून फेकाफेकी. आमच्याकडची जुनी मंडळी त्याला नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली लुटुपुटूची कुस्ती, म्हणून नाक मुरडायची. मुरडू देत, दारासिंग अंगानं अस्सल तालमीतलाच होता, आणि १९६८ ला मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं ते बघायला गर्दी उगाच नव्हती झाली. पण धंदेवाईक फ्रीस्टाईल ती धंदेवाईक फ्रीस्टाईल.

हिंदकेसरी स्पर्धा सुरू झाली १९५८ ला. १९५९ ला दिल्लीत एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळेंनी पंजाबच्या बंतासिंगला पाडलं, १९६० ला गणपतराव आंदळकर, १९६४ ला कवठेपिरानचे मारुती माने. ही माणसं रिंगवाली नव्हेत, लाल मातीतली. या तिघांचं नाव नसलेला हिंदकेसरीवरचा लेख कोल्हापूर-सांगलीकडं कोण वाचणार सांगा.

आता मुद्द्याचं. नुसतं 'अमुक केसरी' छापून वाचकाला काहीच कळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरी दोन झाले, फुलगावात सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे, कारण संघटनाच दोन. शिवाय गावोगावच्या जत्रेतले केसरी वेगळेच, पुढारी बदलला की केसरी बदलतो. उद्या पन्नास वर्षांनी कोणी तुमची कात्रणं काढून यादी करायला बसला तर डोकं धरून बसेल. म्हणून एवढंच करा, किताबाची बातमी असली की चार गोष्टी छापा, स्पर्धा कुणी भरवली, मातीवर का गादीवर, फायनलला हरलं कोण आणि कुस्ती चीतपट झाली का पॉइंटवर. हरलेल्याचं नाव तर बहुतेक वेळा तुम्ही गाळताच. अभिजित कटके २०२३ च्या जानेवारीत हैदराबादला हिंदकेसरी झाला, फायनलला हरला तो हरियाणाचा सोमवीर, हे आमच्या तालमीतल्या निम्म्या पोरांना माहीत नाही. आणि दारासिंगची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत यावी, आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर