तलाव कधी बांधावा?

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व ठीक आहोत. आईचे गुडघे सोडले तर प्रकृतीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. परवा घरी जे घडले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून हे पत्र.

घरामागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव बांधण्याचा माझा विचार तुला ठाऊकच आहे. माती पाहण्यासाठी कंत्राटदाराने तेथे पुरुषभर खोल खड्डा घेतला आणि भोवती फळ्या ठोकल्या. नंतर पाऊस झाला, आणि तो थांबल्यावरही खड्ड्यातले पाणी उतरेना; उलट ते तळातून वर चढत होते. छोटीला कडेवर घेऊन मी पाहायला गेलो, तर ती दोन्ही हात पसरून पाण्याकडे अशी झेपावली की मला त्या दिवशीचा बंडू आठवला. पुढचे तुला लिहायला नको.

तेव्हापासून तलाव कधी बांधावा, हा एकच प्रश्न मला छळतो आहे. हंगामाचे उत्तर तितकेसे अवघड नाही. पावसाळ्यात खोदावे तर कडा ढासळतात, आणि भूजल वर असताना तलाव रिकामा राहिला तर खालचा दाब ते सारे काँक्रीट नावेसारखे उचलू शकतो. तळाशी दाब सोडणारी झडप हवी, हे मला प्रथम तूच सांगितलेस. भर उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याने काँक्रीट अवेळी सुकून तडकते, शिवाय तेव्हा सगळ्यांनाच तलाव हवा असल्याने चांगले कारागीर मोकळे सापडत नाहीत. म्हणून पाऊस ओसरून भूजल उतरले की खोदाई करावी, काँक्रीटला पुरती ताकद येण्यासाठी 28 दिवस धरावेत, मग जलरोधक थर आणि गिलावा करावा, आणि पाणी भरल्यावरही काही आठवडे हाताशी ठेवावेत, कारण नव्या गिलाव्यातून चुना सुटतो आणि पाण्याचा सामू (आम्लता-क्षारतेचे माप, pH) 7.2 ते 7.8 या मर्यादेबाहेर चढत राहतो. उन्हाळ्यात पाण्यात उतरायचे असेल, तर पावसाळा संपताच कामाला लागणे भाग आहे.

पण कोणत्या वर्षीचा पावसाळा? छोटी तीन वर्षांची आहे आणि आई 78 वर्षांची. एकीसाठी थांबावेसे वाटते आणि दुसरीसाठी थांबता येत नाही. डॉक्टरांनी आईला पाण्यात चालायला सांगितले आहे. कमरेइतक्या पाण्यात शरीराचे जवळपास निम्मेच वजन पायांवर येते, आणि जमिनीवर जे दहा पावले होत नाही ते तेथे अर्धा तास होऊ शकते. छोटी आठ वर्षांची होऊन नीट पोहू लागेपर्यंत मी थांबलो, तर तो तलाव आईच्या उपयोगाचा राहील का? दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभर सुमारे 3 लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हे आपण दोघांनी पाहिलेले आहे.

तू म्हणशील, मुलीला आत्ताच पाण्यात सोड, आपोआप शिकेल. त्या डोहात तू मला पाठीमागून ढकललेस आणि आपण सबंध पावसाळा एकमेकांशी बोललो नाही; मी पोहायला शिकलो हे खरे, पण तुझी पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. छोटी शिकेल ती हाताला धरून. आणि ती पोहू लागली तरी तिला पाण्याजवळ एकटे सोडता येणार नाही.

माझा कल आता असा होतो आहे की याच वर्षी बांधावे, मात्र खोदाईच्या आधी कुंपण उभे राहावे: चारही बाजूंनी, घराची भिंत त्यात न धरता, निदान 1.2 मीटर उंच, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचे आणि मुलाच्या हाताला न लागणाऱ्या कडीचे. खोली सगळीकडे सारखी, 1.2 मीटर ठेवणार आहे. तुला उड्या मारता येणार नाहीत आणि त्याबद्दल तू आल्या आल्या भांडशील, पण आईला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निर्धास्त चालता आले पाहिजे.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींची परीक्षा कशी गेली? ताईने तुमच्या नव्या घराविषयी फार चांगले लिहिले आहे.

भूजल इतके वर असताना एक झडप पुरेल की खाली खडीचा थर घालून पाणी उपसण्याची वेगळी विहीर ठेवावी, हे कृपया सविस्तर कळव. आणि बंडूला ओळखणारा माणूस म्हणून, मी हा तलाव याच वर्षी बांधावा की नाही, तेही स्पष्ट लिही. कंत्राटदाराला महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे.

तुझा,
अरविंद