कोयनेच्या पाणीसाठ्याशेजारी भरती-ओहोटीही छापा

महोदय,

कोयनेचा पाणीसाठा आणि सूर्योदय-सूर्यास्त साताऱ्याच्या वाचकाला रोज पेपरात मिळतात. ऑक्टोबर ते मे त्याच चौकटीत रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंचीही छापावी, ही कळकळीची विनंती. कुंभार्ली घाट उतरून शिडाच्या नौकेवर दोन-तीन दिवस काढणारे लोक आपल्याकडे आहेत. मोबाइलवर वारा सगळे बघतात, पाण्याचा हिशेब मात्र राहून जातो.

जयगड ते रत्नागिरी साधारण २० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी चार तास लागतात, पण थंडीच्या दिवसांत सकाळचा मतलई (जमिनीकडून येणारा) वारा दहा-अकरापर्यंत मंदावतो आणि वायव्येचा खारा (समुद्राकडून येणारा) वारा दुपारीच धरतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर येतो. म्हणून परतीला उजाडताच नांगर उचलावा. त्याआधी नको, कारण अंधारात जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि दोर पंख्यात गुंडाळला की इंजिन गेलेच.

खरी परीक्षा संध्याकाळी, नांगर टाकताना. समजा ओहोटीला तीन मीटर पाणी आहे. साखळी खोलीच्या पाचपट हवी म्हणून १५ मीटर सोडली आणि सगळे जेवायला बसले. रात्री भरतीने दोन मीटर पाणी चढले. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची एक मीटर धरली, तर बेरीज सहा होते आणि तीच साखळी अडीचपट उरते. मग ओढ आडवी न राहता वर जाते, नांगराचा दांडा उचलला जातो आणि चिखलात रुतलेले पाते सुटते. इथे ३० मीटर साखळी हवी होती. साखळीऐवजी बहुतेक दोरच असेल तर सातपट.

याच्या उलटही घडते. भरतीला साडेतीन मीटर पाणी बघून थांबलात आणि पाणी दोन मीटर उतरले, तर दीड मीटरच उरते. बुड १.८ मीटर खोल असलेली नौका तिथे टेकणारच.

साखळी एका जागी ढीग करून ओतू नये. नाळ वाऱ्याकडे धरून नौका थांबवावी, ती मागे सरकेल तशी साखळी सोडावी, शेवटी इंजिन अर्धा मिनिट हळू उलटे चालवावे. किनाऱ्यावरचा एखादा माड आणि त्यामागचा देवळाचा कळस एका रेषेत धरून ठेवावा. रेष सरकत राहिली तर नांगर घसरतोय. रात्री वारा फिरून जमिनीकडून येतो, तशी नौकाही पूर्ण वळते. साखळी आणि नौकेची लांबी मिळून जेवढी होते, तेवढी मोकळी जागा चहूबाजूंनी सोडावी. मच्छीमार होड्यांच्या गर्दीत म्हणूनच घुसू नये. मालवणसारख्या खडकाळ तळावर नांगराच्या बुडाला वेगळा दोर आणि बोया बांधावा, म्हणजे अडकलेला नांगर उलट्या बाजूने ओढता येतो.

तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, हा जुना हिशेब कामाचा आहे. पण तो तासभर चुकू शकतो आणि पाणी किती चढेल हे सांगत नाही. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) पाण्यात मोठा फरक असतो. म्हणून नुसत्या वेळा नकोत, मीटरमधली उंचीही हवी. शनिवार-रविवारचे आकडे शुक्रवारच्या अंकात आले तर घाट उतरण्यापूर्वीच मुक्काम ठरवता येईल.

— शिडाच्या नौकांवर जाणारे काही वाचक, सातारा