उजवा हात घेऊन ये

पुणे,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय शुभे,

कालपासून तुला व्हॉइस नोट पाठवायची म्हणून तीनदा सुरू केली आणि तीनदा पुसली. बोलायला लागले की मी सगळं हसण्यावारी नेते, तुला माहीत आहे. म्हणून हॉस्टेलमधल्यासारखं वहीचं पान फाडून लिहायला बसलेय. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

माझ्या पोराची, म्हणजे तुझ्या भाच्याची बातमी आहे. काल तो पहिल्यांदा बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला. सामना नव्हे, साधं स्पारिंग, सरावाची लढत. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड ठरले होते, दीड राउंडनंतर क्लबच्या सरांनी थांबवलं. घाबरू नकोस. ओठ सुजलाय, नाक लाल झालंय, बाकी पोरगं धडधाकट आहे. आत्ता आत बसून तिसरी पोळी खातंय. लागलंय ते मला.

मुळापासून सांगते, तुला अर्धंच ठाऊक आहे.

गेल्या वर्षीचं पॅरिस ऑलिंपिक आठव. ऑगस्टमधली ती रात्र, आपल्या निशांत देवची बॉक्सिंगची उपांत्यपूर्व लढत, ७१ किलोचा गट. घरात सगळे झोपलेले, मी आणि पोरगं दोघंच टीव्हीसमोर. निशांतने पहिला राउंड झकास घेतला. पुढे तो दमत गेला तशी मी सोफ्यावरून उठले आणि ओरडायलाच लागले, "हात वर! अरे, हात वर ठेव!" निकाल ४-१ असा मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडे गेला. मी पंचांचा यथेच्छ उद्धार केला आणि वळून बघते तर पोरगं टीव्ही सोडून माझ्याकडे बघतंय. "आई, तुला काय कळतं ह्यातलं?"

चौदा वर्षांचा घोडा, आणि आई एके काळी बॉक्सिंग करायची ह्याचा त्याला पत्ताच नाही. मुद्दाम लपवलं नव्हतं गं. बँकेची परीक्षा, लग्न, बदल्या, मग हा; सांगायचा विषय कधी निघालाच नाही. लहानपणी त्याने एकदा विचारलं होतं, आई तुझं नाक वाकडं का, तेव्हा "पडले होते" म्हणून मोकळी झाले होते. त्या रात्री खरं सांगितलं. "शुभामावशीने फोडलं." विश्वासच बसेना त्याचा. त्याच्या लेखी तू म्हणजे दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवणारी मावशी! मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. बुरशीने हिरवे झालेले ग्लोव्हज निघाले आणि ते कात्रणही निघालं, २००६ च्या दिल्लीतल्या महिला बॉक्सिंगच्या जागतिक स्पर्धेचं. मेरी कोम, सरिता देवी, जेनी, लेखा. चार सुवर्णपदकं. आपण ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, कारण बाहेरून चिकटवलं की रेक्टरबाई फाडायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तोच मला उठवायला आला. ह्या पोराला शाळेसाठी उठवायला मला ताटल्या वाजवाव्या लागतात.

आमची तालीम म्हणजे गच्ची. ठोसे मारायची बॅग मीच शिवली. वाळू भरू नको असं त्याला बजावलं होतं, वाळू खाली बसते आणि तळ दगडासारखा होतो, मनगट जातं. जुन्या जीन्स, फाटक्या चादरी आणि सासूबाईंच्या दोन नऊवारी, सगळं कापून ठासून भरलं. (नऊवारींची परवानगी घेतली होती. एका नऊवारीची तरी.) टाकीखालच्या लोखंडी बारला ती टांगली, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, की टाकी फुटल्यासारखा आवाज येतो. तडजोड झाली, साडेसहानंतरच बॅग. तोवर शॅडो (हवेतच ठोसे मारायचे), दोरीउड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. ही दोरी मी त्याच्या खांद्याच्या उंचीला बांधते आणि तो तिच्याखालून ह्या बाजूने त्या बाजूला जातो, गुडघ्यात वाकून. कमरेत वाकला की मी ओरडते. समोरच्या इमारतीतल्या काकूंना वाटतं मी पोराला शिक्षा करते.

तो डावखुरा आहे हे तुला सांगितलं होतं का? लहानपणी सासूबाईंनी उजव्या हाताने जेवायला लावून लावून बघितलं, मग हात टेकले. स्टान्सही, म्हणजे उभं राहायची ढब, त्याने आपोआप उजवा पाय पुढे असाच घेतला. मी बदलला नाही. मेरी कोमही डावखुरीच की. आणि शिकवायला उलट सोपं जातं, कारण मी समोर उभी राहिले की त्याला आरशात बघितल्यासारखं होतं. माझा डावा पाय पुढे, त्याचा उजवा. मी करेन ते त्याने करायचं, डावं-उजवं सांगायची गरजच नाही.

पहिले दोन महिने ठोसा मारूच दिला नाही. नुसते पाय. तो वैतागायचा, तेव्हा त्याला लोमाचेन्कोचं सांगितलं. त्या युक्रेनच्या पठ्ठ्याला त्याच्या बापानेच घडवलं, आणि लहानपणी मधली काही वर्षं बॉक्सिंग बंद करून त्याला पारंपरिक नाच शिकायला घातलं. तोच पुढे २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आला. माझ्याकडे युक्रेनचा नाच कुठून येणार? मी ह्याला शाळेच्या लेझीम पथकात घातलं. हसू नकोस. लेझमीत पायांचा ताल हातांपासून सुटा ठेवावा लागतो, पुढे-मागे जाताना पाय एकमेकांत अडकून चालत नाही. चार महिन्यांत त्याची चाल बदलली. आधी रिकामी पोती ओढल्यासारखा चालायचा.

आणि बँडेज! ते बांधायला त्याला आठवडा लागला. साडेचार मीटरची पट्टी, अंगठ्यात अडकवून मनगटावर तीन वेढे, मग पेरांवर, मग बोटांच्या फटींतून. आता तो मला बांधून देतो. तेवढी पाच मिनिटं तो माझ्याशी बोलतो गं, दिवसभरात एरवी "हं" आणि "नाही" एवढंच. वर्गातली एक मुलगी आहे हेही मला बँडेज बांधतानाच कळलं. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात.

नवरा सुरुवातीला पाण्याची बाटली घेऊन टाकीच्या कट्ट्यावर बसायचा, काही बोलायचा नाही. मग नणंद आली. ती मुलांचीच डॉक्टर, तिने मला समोर बसवलं आणि सांगितलं की अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्येच एकत्र निवेदन काढून लहान आणि किशोरवयीन मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केलाय, डोक्याला मार बसतो म्हणून. मी म्हटलं हेडगार्ड असतं. ती म्हणाली हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. मी गप्प बसले, कारण तिचं खरं होतं. रिओला २०१६ मध्ये पुरुषांचं हेडगार्ड ऑलिंपिकमधून गेलं, त्या वेळच्या चर्चेतही हाच मुद्दा होता ना. शेवटी तिच्याशी ठरवून घेतलं. घरी स्पारिंग अजिबात नाही. डोक्याला दणका बसला, चक्कर आली, मळमळलं, तर त्या दिवशी बॉक्सिंग संपलं, आणि ती हो म्हणेपर्यंत पुन्हा ग्लोव्हज नाहीत. वजन उतरवायचं नाही. ह्या शेवटच्या गोष्टीवर मीच अडून बसले. स्वेटरवर रेनकोट चढवून आपण विद्यापीठाच्या मैदानाला फेऱ्या मारायचो आणि वजनाच्या आधी तासभर थुंकत बसायचो, आठवतंय? एक किलोसाठी. तू ५७ किलोच्या गटातली, मी ५२ च्या, आणि हॉलमध्ये मुली तिघीच, म्हणून सराव कायम तुझ्याशी. नाक फुटणारच होतं.

आता कालचं.

क्लबचे सर फौजेतले निवृत्त, शब्द मोजून बोलणारे. समोर एक मुलगा, ह्याच्याहून वर्षाने लहान, आठ महिन्यांपासून येतोय. पहिलं मिनिट, शुभे, मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या छातीत मावत नव्हतं. पाय हलके, जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा) सरळ, डावा गालाला चिकटलेला. सगळं मी शिकवल्यासारखं. मग त्या पोराने एक उजवा सरळ मारला. थेट नाकावर. मला वाटलं चुकून बसला. पुन्हा जॅब, पुन्हा उजवा. तिसऱ्या वेळी मला दिसलं. जॅब जातो सुंदर, पण परत येताना हात गालाशी येत नाही, छातीखालून फिरून येतो. तेवढ्या वेळात नाक उघडं. त्या लहानग्याला ते वीस सेकंदांत कळलं. मला वर्षभरात कळलं नाही.

दुसऱ्या राउंडला सरांनी थांबवलं, ह्याचा चेहरा हातात धरून डोळ्यांत बघितलं, दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "जॅब कोणी शिकवला? चांगलाय." हा म्हणाला, "आईने." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पॅड धरताना मारत नव्हता वाटतं तुम्ही."

बस. एवढंच. पण तुला कळलं असेल. हातांत गादीसारखे पॅड चढवून उभं राहणाऱ्याचं अर्धं काम ठोसा झेलायचं आणि अर्धं परत मारायचं. हात खाली आला की दुसऱ्या पॅडने गालावर टपली. पोराला शंभर वेळा सांगण्यापेक्षा दहा टपल्या पुरतात, आपल्या त्या वेळच्या सरांनी आपल्याला असंच शिकवलं. मी वर्षभर नुसती झेलत राहिले. "हात वर" ओरडले हजारदा, हात एकदाही उचलला नाही. आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. मी समजत होते की मी कडक आहे.

घरी येताना स्कूटरवर तो मागे गप्प होता. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला म्हणाला, "आई, तू खरंच कधी मारलं नाहीस गं." रागाने नाही. आत्ता लक्षात आल्यासारखं.

आज पहाटे ठरवून वर गेले. पॅड चढवले, त्याने जॅब मारला, हात खाली आला, आणि माझा पॅड त्याच्या गालापासून चार बोटांवर थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. सुजलेला ओठ दिसत होता समोर. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "मार ना." नाही जमलं. मग नवऱ्याने योगाच्या सतरंजीची गुंडाळी करून प्रयत्न केला, पण तो एवढा उशिरा मारतो की हात कधीच वर गेलेला असतो, आणि पोरगं हसून हसून खाली बसलं.

बॉक्सर निखत झरीनची सुरुवातही निजामाबादला वडिलांच्या हाताखालीच झाली, पण २००९ मध्ये तिला विशाखापट्टणमच्या केंद्रात धाडलं आणि पुढचं दुसऱ्यांनी बघितलं. काल रात्री मी पडल्या पडल्या तेच आठवत होते. त्या माणसालाही कुठेतरी हे चार बोटांचं अंतर लागलं असेल का, कोण जाणे.

तर आता हा आठवड्यातून चार दिवस क्लबमध्ये जाणार. पाय, दोरी, शॅडो माझ्याकडे. सरांना मी सांगितलंय की हातचं काही राखू नका, फक्त मी हॉलमध्ये असताना नको. पण क्लबमध्ये वीस पोरं आहेत, एकट्या ह्याच्या जॅबमागे ते किती लागणार? म्हणून तुझ्याकडे मागणं आहे.

भाऊबीज झाली की ये. शाळेला सुट्टी असेलच, महाराष्ट्र एक्सप्रेसने बस, उतरवून घ्यायला मी येते. चांगले आठ दिवस राहा आणि रोज पहाटे त्याच्यासमोर पॅड घेऊन उभी राहा. माझाही हात असाच खाली यायचा, शुभे. डावा, जॅबवरून परत येताना. तो वर राहायला लागला तो तू माझं नाक फोडल्यावर, त्याआधी नाही. पोराने नाक मोडून घ्यावं असं म्हणत नाही, पॅडच आहे, फार तर गाल तापेल. तू म्हणशील, मी त्याची मावशी, माझा तरी हात कसा उठेल? माझ्या नाकाच्या वेळी तू माझी जिवाभावाची मैत्रीण होतीस. उठला होता.

त्याला विचारलं मी, मावशीला बोलवू का? म्हणाला, "ती खरंच मारेल?" मी नुसतं नाकाकडे बोट दाखवलं. तो जाऊन बँडेज धुवायला टाकून आला.

तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
नंदू

ता. क. चकल्या मात्र आणच. तो ५० किलोच्या गटात उतरायचं म्हणतोय, मी ५४ म्हणतेय. चकल्या माझ्या बाजूने आहेत.