अष्टमीच्या भांगात खाडीकाठी

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, दोन-दोन दिवस त्या बांधावर बसून करता तरी काय?" रेंज जात-येत होती, त्यात तुझी आई मागून काहीतरी विचारत होती, त्यामुळे धड सांगता आलं नाही. म्हणून गळाने मासे धरण्याबद्दल लिहायला बसलो.

शनिवारी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे तुला लहानपणीच शिकवलंय. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या पुढे-मागे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. रविवारी नवमी, तेव्हा सगळं पाऊण तास पुढे. धरमतरच्या खाडीत आत जावं तसं पाणी अजून थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरून चालायचं. अष्टमीला भांग असतो. पाणी चढतं कमी, उतरतं कमी, त्याला ओढ नसते. उधाणाला मासा जास्त फिरतो म्हणून बरेचजण अमावास्या-पौर्णिमा बघून गळ टाकायला येतात. जिवंत कोळंबी लावायची असेल तर मला मात्र भांगच आवडतो. उधाणाच्या पाण्यात जड शिसं लावावं लागतं आणि त्याच्याखाली कोळंबी पोहत नाही, नुसती लोंबते. भांगात शेंगदाण्याएवढं शिसं पुरतं. ती आपल्या मनाने पाय हलवत फिरते, आणि तिच्या त्या फिरण्यावरच तर मासा येतो.

कोळंबी शेवटपर्यंत जिवंत ठेवणं, हेच दोन दिवसांचं खरं काम. शेजारच्या पोराने शुक्रवारी दुपारच्या ओहोटीला पाग (फेकून मारायचं जाळं) मारून ती काढून दिली. बोटाएवढी घ्यायची, अंगाला लागलेली नको. बादलीत गर्दी झाली की ती तासाभरात पांढरी पडते आणि मग ती कालवणातच टाकावी. मी भोकं पाडलेला डबा दोरीने बांधून खाडीच्याच पाण्यात सोडतो, वरून ओलं गोणपाट. रात्रभर टवटवीत राहते. गळाला लावताना तिला उजेडात धर. डोकं आरपार दिसतं, आणि डोक्याच्या टोकावरच्या शिंगाच्या मागे एक काळा ठिपका दिसतो. गरी, म्हणजे गळाचा आकडा, त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या मुळाशी आडवी घालायची. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी मेलीच. नीट लावली तर बराच वेळ टिकते. पाणी पळत असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेरातून लावावी.

शनिवारी सकाळी उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ बसलो. ओहोटी लागली की खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आतलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, त्याबरोबर बारकी करंदी, बोयट माशाची पिल्लं वाहत येतात, आणि जिताडा हा मोठा शिकारी मासा त्या तोंडाशी बाजूला दबा धरून असतो. पण पाणीच इतकं मंद होतं की दुपारपर्यंत शिंगाळी हा काटेरी मासा सोडून काही लागलं नाही. नातवाला आणशील तेव्हा हे पक्कं सांग, शिंगाळीला हात लावायचा नाही. तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा लागला की माणूस कळवळतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जायचं. संध्याकाळच्या भरतीला चिंबोऱ्यांनी कोळंबी कुरतडली, बाकी काही नाही. चहा प्यायलो, निवट्या (चिखलातले छोटे मासे) चिखलावर उड्या मारत होत्या त्या बघितल्या, घरी आलो.

रविवारी उघाडी सोडून चिप्पी नावाच्या खारफुटीच्या झाडांकडे सरकलो. झाडाच्या सावलीची कड असते ना, तिथे कोळंबी सोडली आणि काठी हातातच धरून ठेवली. काठी रोवून मोबाईल बघणाऱ्यांना पुढची गोष्ट कधी कळत नाही. मासा जवळ आला की आधी कोळंबी घाबरते. तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर बोट ठेवलं असेल तर तिची धडपड बोटाला कळते, टिक, टिकटिक. मग एकदम शांत. त्या क्षणी काठी ओढायची नाही. सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेली गोल गरी असेल तर मासा वळून चालू लागला की गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. आपण फक्त ताण धरायचा. अकराच्या सुमारास तसंच झालं. दोनेक किलोचा जिताडा. दोनदा पाण्याबाहेर डोकं झटकलं त्याने, मुळांकडे घुसायला बघितलं, पण आणला काठाला. त्याचं तोंड आतून कानशीसारखं खरखरीत, म्हणून गरीच्या वर हातभर जाड तंगूस लावायचाच. आणि कल्ल्यांच्या झाकणाला बोट लावायचं नाही, पात्यासारखी धार असते. आईने रात्री कालवण केलं, तुझी आठवण काढली.

त्याच वेळी मनात आलेली गोष्ट तुला सांगायची होती. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे 80-90 सेंटिमीटरच्या पुढे गेलेला जिताडा बहुतेक मादीच. पावसाच्या सुमारास खाडीच्या मुखाशी लाखो अंडी सोडणारी तीच. आपल्या अलिबागकडच्या शहापूर-धेरंडच्या तळ्यांत जो जिताडा वाढतो, त्याचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, हेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या खाडीतूनच आलंय. असा मोठा मासा लागला की लोक खांद्याला लटकवून फोटो काढतात, मला बघवत नाही. मी सोडून देतो. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरायचा, ताकद आली की तो स्वतःच हात सोडवून घेतो. आजूबाजूचे हसतात, हसू देत. तीन-चार माणसांना दोन किलोचा मासा पुरतो.

पुढच्या महिन्यात येताना कॅलेंडर बघून अष्टमी-नवमीला सुट्टी जुळते का बघ. पोराला नवे रॉड-रीळ विकत घेऊ नकोस, माझी जुनी वेताची काठी त्याच्या उंचीला पुरेल. तिथून आणायचंच तर माशांच्या टाकीला लावतात तो बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप आण, बादलीतली कोळंबी दुपारपर्यंत टिकेल. आणि पायात घालायला त्याला घट्ट बसणारे जुने बूट दे, चिखलात कालवांच्या कपच्या असतात.

तुझे,
बाबा