मेगावॅटसोबत तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या वीजप्रकल्पाची बातमी आली की मथळ्यात मेगावॅटचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देता येईल त्या क्षमतेचा, आकडा असतो आणि वाचक त्यावरच कोळसा, अणू, सौर यांची तुलना करून मोकळा होतो. माझी सारी नोकरी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये झाली, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

१००० मेगावॅटचा अणुप्रकल्प वर्षभर ९० टक्के क्षमतेने चालला तर सुमारे ७८८ कोटी युनिट वीज देतो. तेवढ्याच मेगावॅटच्या सौरप्रकल्पाची सरासरी चांगल्या उन्हातही २० टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे साधारण १७५ कोटी युनिट. मथळा मात्र दोघांचा सारखाच! बरे, युनिटांचा हिशेब जुळवला तरी ती वीज कोणत्या घटकेला मिळणार, हे उरतेच.

संध्याकाळी ऊन उतरते आणि नेमके तेव्हाच दिवे लागतात. आमची नजर तेव्हा फ्रिक्वेन्सी मीटरवर खिळलेली असे. आकडा ५० हर्ट्झच्या, म्हणजे विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांच्या, खाली सरकू लागला की समजायचे, मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. मिनिटाला ३००० फेरे घेणारा अवजड रोटर, म्हणजे जनित्राचा फिरता भाग, आपल्या गतीतली ऊर्जा देऊन काही सेकंद ग्रिड (वीजवाहिन्यांचे जाळे) सावरतो, तेवढ्यात टर्बाइनचा वेग राखणारा गव्हर्नर वाफेचे व्हॉल्व्ह उघडतो. सौर पॅनेलला असा फिरता अवजड भाग नसतो. ते काम पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरकडून मुद्दाम करून घ्यावे लागते. आणि थंड पडलेला कोळशाचा सेट (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र) पुन्हा ग्रिडवर घ्यायला कित्येक तास जातात. आधी तेलावर बॉयलर पेटवायचा, धातू सावकाश तापू द्यायचा, मग टर्बाइनला वाफ. म्हणून दुपारी सौरवीज भरपूर असली तरी तो कमी लोडवर धगधगत ठेवतात.

तरीही कोळसा गेलाच पाहिजे. त्याच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटचे कोळसा केंद्र बंद केले. तिथे पवनऊर्जा मोठी झाली, पण वारा पडला की गॅस लागतो, आणि अणुवीज अहोरात्र सुरू असते. जर्मनीने मात्र एप्रिल २०२३ मध्ये उरलेल्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा कोळसा जळतच होता. हा क्रम मला अजिबात पटत नाही. जपानमधली फुकुशिमाची अणुदुर्घटना मी विसरलेलो नाही. तिथे चालू भट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. पण बंद भट्टीतही उष्णता निघत राहते, ती काढणारे पंप चालवायला वीज लागते, आणि त्सुनामीने डिझेल जनरेटरच बुडवले. धोका खरा आहे, पण तो चांगल्या रचनेने कमी करता येतो. कोळशाचा कार्बन तर सगळे सुरळीत चालले असतानाच बाहेर पडतो.

बॅटरीच्या बातम्यांतही हेच होते. १०० मेगावॅट, पण किती तास? दोन तासांची बॅटरी संध्याकाळचा मागणीचा चढ पार करून देईल, रात्र काढणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच: प्रकल्पाच्या बातमीत मेगावॅटशेजारी वर्षाचे अपेक्षित युनिट द्यावेत, आणि साठवण असेल तर तिचे तास. एका ओळीत सहज मावतील.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता