लाडवातला बेदाणा कुत्र्याला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या कुत्र्याला काय खाऊ घालावं, यावर गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. पाकिटातल्या महागड्या खाण्यापेक्षा घरचं ताजं शिजवून घाला, हे त्यातलं म्हणणं मला पटलं. आमच्या शेडवर राखणीला दोन कारवानी कुत्री आहेत. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, उकडलेली अंडी आणि कोंबडीचं काळीज-पेटा यांवर ती ठणठणीत आहेत. पण त्याच लेखाच्या शेवटी 'पौष्टिक लाडू' दिले आहेत आणि त्यात मूठभर बेदाणे घालायला सांगितलेत. याला माझी सक्त हरकत आहे, आणि माझं घर बेदाण्यावरच चालतं.

द्राक्षं, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बरीच वर्षं फवारणीवर नाहीतर बुरशीवर संशय होता. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी बोट ठेवलं ते टार्टारिक आम्लावर. घरी मळलेली मुलांची खेळण्याची माती (प्ले-डो) खाऊन कुत्री आजारी पडली, तिच्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे याच आम्लाचा क्षार होता, त्यावरून हा माग लागला. हे आम्ल द्राक्षातलं स्वतःचं आहे, त्यामुळे 'आमचा माल सेंद्रिय आहे' म्हणून सुटका नाही. त्यात साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं.

मार्चमध्ये पुतण्या पुण्याहून त्याचा लॅब्रॅडॉर घेऊन शेडवर आला होता. निवड करणाऱ्या बायका चहाला उठल्या तेवढ्यात त्याने टेबलाखालच्या क्रेटमध्ये तोंड घातलं. शेपूट हलवत बाहेर आला, मिशांना दोन दाणे चिकटलेले. डॉक्टरांनी वेळ न घालवता इंजेक्शन देऊन ओकारी काढली. बेदाणे जवळजवळ अख्खेच पडले, पोटातलं पाणी पिऊन पुन्हा द्राक्षासारखे टम्म फुगलेले. पुढे दोन दिवस सलाईन आणि मूत्रपिंडं नीट चालताहेत का हे कळायला रोज रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी. वाचला. उलट्या, मरगळ दिसेपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणूनच सांगतो, कुत्र्याने बेदाणे खाल्ले तर लक्षणांची वाट पाहू नये, आणि घरी मिठाचं पाणी तर अजिबात पाजू नये. त्याने निराळंच विष होतं.

'आमची कुत्री सांडलेले बेदाणे खातात, काही होत नाही,' असं नागजपासून तासगावपर्यंत कुठल्याही शेडवर ऐकायला मिळेल. खरंही असेल. आम्लाचं प्रमाण जातीवर, द्राक्षाच्या पक्वतेवर बदलतं, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी कळत नाही. अमुक दाण्यांपर्यंत चालतं असा हिशेब डॉक्टरही देत नाहीत. मग कशाला जुगार खेळायचा?

चॉकलेट देऊ नये हे आता घरातल्या पोरांनाही माहीत असतं. सत्यनारायणाचा शिरा मात्र 'प्रसाद आहे, त्यालाही द्या' म्हणून प्रेमाने पुढे केला जातो. मनुकांचा चिवडा, डिंकाचे लाडू यांचंही तेच. चिंचेतही हे आम्ल भरपूर असतं, तेव्हा चिंच-गुळाची आमटी भातावर ओतू नये. कांदा-लसणाचा रस्सा तर नकोच, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरचं खाणं म्हणजे आपल्या ताटातलं उरलेलं नव्हे, एवढं लेखात यायला हवं होतं.

यंदा आमच्या पाव किलोच्या पाकिटांवर 'कुत्र्यांना देऊ नये' अशी ओळ मी छापून घेतली आहे. एक व्यापारी म्हणाला, "माल विकायचाय का गिऱ्हाईक भिववायचंय?" अजून तरी त्या ओळीपायी एकही पाकीट परत आलेलं नाही. बाकीच्या शेडवाल्यांनीही ती छापावी, खर्च शाईपुरता आहे.

आपणही दुरुस्ती छापावी, ती त्याच पानावर आणि कृतीएवढ्याच मोठ्या टायपात. पाककृतींची कात्रणं कापून फ्रिजवर चिकटवणारे वाचक पुष्कळ आहेत. आतल्या पानावरच्या चौकटीतली दोन ओळींची दिलगिरी त्यांच्या नजरेला पडायची नाही.

आपला,
एक बेदाणा उत्पादक,
कवठेमहांकाळ, जि. सांगली