रविवारी संध्याकाळी मी कुठे असते

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी संध्याकाळी माझा फोन का लागत नाही, असं तू परवा विचारलंस. मी ‘कार्यक्रम असतो’ म्हटलं, तू ‘कसला?’ म्हणालीस, आणि तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि बोलणं सोयाबीनच्या भावावर गेलं. तसंही हे फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी रॅप ऐकायला जाते. टीव्हीवरच्या स्पर्धेतलं नाही. कुर्ल्याहून दोन-तीन स्टेशनं पलीकडे एका गल्लीत छापखान्याच्या वर हॉल आहे, एरवी तिथे नाटकाच्या तालमी चालतात. शंभर-सव्वाशे माणसं कशीबशी मावतात. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, त्यामुळे गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला तेसुद्धा पहिल्या रांगेत ऐकू येतं. तिकीट दोनशे-अडीचशे. हॉलचं भाडं आणि साउंडवाल्याचे पैसे गेले की उरलेलं गाणाऱ्यांत वाटतात, पण बरेचदा वाटायला काही उरत नाही. तरी पुढच्या महिन्याची तारीख त्याच रात्री ठरते.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं भजनी मंडळात तबल्यावर बसलात, तुम्हाला यातली मेख लगेच कळेल. रॅपमधला एक बार म्हणजे चार मात्रा. तुमच्या केरव्याच्या एका आवर्तनात असे दोन बार बसतात. कडवं बहुतेक 16 बार्सचं, म्हणजे 64 मात्रा. मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत ते पाऊण मिनिटाच्या आत संपतं. तेवढ्यात काय ते सांगून टाकायचं, आणि सांगताना यमक चौथ्या मात्रेवर पडलं पाहिजे. जो कसलेला असतो तो मुद्दाम थोडा मागे रेंगाळतो, ओळ आता सुटली असं वाटायला लावतो आणि नेमका जागेवर येतो. तेव्हा हॉलमध्ये जी आरोळी उठते ना, ती समेवर तिहाई पडल्यावर आपल्या विठ्ठल मंदिरात उठणाऱ्या ‘वाऽऽ’सारखीच असते.

मध्यंतरी अकोल्याकडचा एक पोट्टा आला होता. दिवसभर बांधकामावर असतो. हातातल्या मोबाइलवर ओळी लिहिलेल्या होत्या, पण एकदाही खाली पाहिलं नाही त्याने. त्याचं कडवं असं सुरू झालं:

बाप माहा उन्हात उभा, कापसाले भाव नाई,
मी इथं बिल्डिंगा बांधतो, पाटीवर माहं नाव नाई.

आपल्या वऱ्हाडीत! नुसत्या शेवटच्या अक्षराचं यमक नाही, ‘भाव नाई’वर अख्खं ‘नाव नाई’ बसवलं आहे. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी वऱ्हाडी कधी कानानेही ऐकली नसेल. पण ती ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा भायखळ्याची, मुंब्र्याची, वसईची पोरं एका आवाजात ‘नाव नाई’ म्हणत होती. आई, ऑफिसात माझ्या तोंडून चुकून ‘मले’ निघालं की लोक हसतात. इथे तो पोट्टा ‘माहा बाप’ म्हणाला आणि लोकांनी त्याला ‘अजून एक’ म्हणून थांबवून घेतलं. मला रडू आवरलं नाही, आणि शेजारच्या अनोळखी मुलीने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. आता ती अनोळखी राहिलेली नाही. गेल्या महिन्यात मला ताप आला तेव्हा तिनेच दोन दिवस डबा पोचवला. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, उगाच काळजी केली असती.

आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो नावातल्या ‘सौ’च्या जागी 100 हा आकडा लिहितो, तो मराठी रॅपमधला मोठा माणूस. ‘स्वदेसी’ नावाचा मुंबईतला एक गट आहे, त्यात तो आहे. हे लोक ज्याच्या त्याच्या भाषेत गातात. 2019 मध्ये त्यांनी मुंबईतल्या आरेच्या जंगलात राहणाऱ्या वारली आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर गाणं केलं, त्यात आरेचेच प्रकाश भोईर स्वतः गायले आहेत. याच गटातला धर्मेश परमार गुजरातीत रॅप करायचा, ‘एमसी तोडफोड’ नावाने. मार्च 2022 मध्ये तो गेला, अवघ्या 24 व्या वर्षी. आमच्या हॉलमध्ये आजही कुणी ना कुणी माइक हातात घेतल्यावर आधी त्याचं नाव घेतो.

बाबा, तुम्ही मागे म्हणाला होतात की हे अमेरिकेतलं खूळ आहे. जन्म तिकडचाच, खरं आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सामायिक खोलीत एका बहिणीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क याने रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसता ड्रम वाजतो तो तुकडा लोकांना नाचायला आवडतो हे त्याने हेरलं होतं, म्हणून तो दोन तबकड्यांवर आळीपाळीने तोच तुकडा लांबवत राहायचा. गरीब वस्ती, हाताशी असेल त्या सामानातून काढलेली वाट. आमच्या कुर्ल्यातल्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, 2014 मध्ये गाणं आणि त्याचा व्हिडिओ दोन्ही आयपॅडवर केलं, तेही याच जातीचं. अंधेरीचा डिव्हाइन, धारावीतले कितीतरी गट, सगळे असेच पुढे आले. 2019 च्या ‘गली बॉय’ या रॅपवरच्या सिनेमानंतर मोठ्या कंपन्या आल्या. पण माझा जीव आहे तो त्यांच्या आधीपासून चालू असलेल्या आणि त्यांच्याशिवायही चालणाऱ्या या छोट्या हॉलांवर. आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं ते याच मुंबईतल्या कामगारांसाठी. डफावर हात मारून चौकात प्रश्न विचारायची सवय या शहराला कुणी बाहेरून लावलेली नाही.

आई, आता तुझ्या मनातलं. हो, शिव्या असतात. काही शिव्या रागातून येतात आणि त्या जागी दुसरा शब्द चालला नसता. पण काही पोरं बाईवरून उगाच घाण बोलतात, ते मला मुळीच खपत नाही, आणि आमच्यातल्या कुणालाच आता खपत नाही. एकाने असं कडवं म्हटलं तर दिवा स्टेशनकडची एक मुलगी त्याच्या पाठोपाठ चढली आणि त्याच बीटवर, त्याचीच यमकं उचलून तिने त्याला उत्तर दिलं. तमाशातल्या सवाल-जवाबात याहून वेगळं काय होतं? तो खाली उतरून तिला भेटला. नंतर त्याने ते कडवं बदललं.

हीच मुलगी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा चौथ्या ओळीवर अडकली होती. हात थरथरत होता. डीजेने बीट बंद केलं, कुणी हसलं नाही, मागून कुणीतरी ‘पहिल्यापासून घे गं’ म्हणालं आणि अख्ख्या हॉलने टाळीवर ठेका धरला. तिने ते कडवं त्या टाळ्यांवरच पूर्ण केलं.

शो दहाच्या आत संपतो. मग खाली फुटपाथवर सायफर होतो, म्हणजे गोल करून उभं राहायचं, एकाने तोंडाने ठेका द्यायचा आणि ज्याला सुचेल त्याने आत यायचं. सायकलवरचा चहावाला आमची वाटच बघत असतो. मी अजून गोलात शिरलेली नाही, मला ऐकण्यातच सुख आहे. निघताना स्टेशनवार टोळ्या ठरतात, कुर्ल्याच्या आम्ही चौघी एका डब्यात असतो. घरी पोचल्यावर ग्रुपवर ‘पोचले’ टाकावंच लागतं, नाही टाकलं तर फोन येतात.

एप्रिल 2023 मध्ये राजकारणावरच्या गाण्यांवरून दोन मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले होते, ते बाबांनी पेपरात वाचलं असणार आणि तुला सांगितलंही असणार. त्या बातमीने आम्हालाही काळजी लावली. पण त्यानंतर कुणी लिहायचं थांबलं नाही आणि मीही जायचं थांबणार नाही, हे तुम्हाला आजच सांगून ठेवते.

दिवाळीनंतरच्या शोला तुम्ही दोघं या. शनिवारी संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्सप्रेसला बसा, रविवारी पहाटे मी दादरला उभी असेन. हॉलचा जिना चढाचा आहे, पण बाबांच्या गुडघ्याचं मी पोरांना सांगितलं आहे, मधल्या वळणावर स्टूल ठेवतील आणि वर भिंतीजवळ दोन खुर्च्या. स्पीकर जवळच असतो, म्हणून कानात घालायला कापूस आण. आणि आई, येताना सरगुंडे आण, जरा जास्तच आण. त्या अकोल्याच्या पोट्ट्याला मी कबूल केलं आहे.

तुमची लेक